काँक्रीटच्या भिंतीतून २.४५ गिगाहर्ट्झ: ग्रिडच्या आणि सीमेच्या चुका शोधताना केलेल्या नोंदी

काम असं: मुंबईतल्या नव्या टॉवरमध्ये मायवान शटरिंगने (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत) ओतलेल्या १५० मिमी जाडीच्या आरसीसी भिंती असतात. हॉलमधलं वाय-फाय बेडरूमपर्यंत पोचेतो किती उरतं ते संगणकावर काढायचं, आधी कोरड्या भिंतीचं आणि मग पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचं. सॉफ्टवेअर मीप (जागेच्या चौकटी पाडून, म्हणजे ग्रिड करून, लहर वेळेच्या पायऱ्यांनी पुढे नेणारं), पायथनमधून. यंत्र आठ कोअरचं, १६ जीबी रॅमचं. मीप प्रकाशवेग १ धरतो. लांबीचं एकक १ सेमी ठेवलं आहे, म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झची वारंवारता मीपच्या मापात ०.०८१७ येते आणि वेळेचं एक एकक ३३.४ पिकोसेकंदांचं होतं. हेच काम करणाऱ्याने सगळ्यात आधी हे दोन आकडे कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवावेत.

९ जून

सळया न घालता नुसत्या भिंतीपासून सुरुवात केली. सपाट थराचं उत्तर हातानेही काढता येतं, त्यामुळे संगणक कुठे चुकतो ते लगेच कळतं. काँक्रीटचे आकडे आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.२०४० शिफारशीच्या २०१५ च्या आवृत्तीतले घेतले: परमिटिव्हिटी (हिच्यामुळे पदार्थात लहर मंदावते) ५.३१, आणि कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, हिच्यामुळे लहर जिरते) २.४५ गिगाहर्ट्झला ०.०६७३ सीमेन्स प्रति मीटर. हवेत तरंगलांबी १२२.४ मिमी, काँक्रीटमध्ये ५३.१ मिमी. सूत्राने घट ८.७७ डेसिबल. परावर्तन १९ टक्के, पलीकडे १३.३ टक्के, उरलेलं भिंतीत जिरतं.

संगणकाने घट सांगितली ३८.६ डेसिबल.

अर्धा दिवस पीएमएलवर, म्हणजे गणिताच्या डब्याच्या टोकाला लहर गिळण्यासाठी ठेवलेल्या शोषक थरावर, संशय घेण्यात गेला. चूक मापांच्या बदलात होती. मीपला जी डी-कंडक्टिव्हिटी लागते ती काढताना नेहमीच्या कंडक्टिव्हिटीला निर्वाताच्या परमिटिव्हिटीने भागायचं, शिवाय पदार्थाच्या सापेक्ष परमिटिव्हिटीनेही भागायचं, आणि मग एकक लांबी भागिले प्रकाशवेग याने गुणायचं. मधला ५.३१ ने भागाकार राहून गेला होता. बरोबर आकडा ०.०४७८, आपण दिला होता ०.२५४. ताळा सोपा आहे: डी-कंडक्टिव्हिटीला २π गुणिले वारंवारतेने भागलं की लॉस टँजेंट (पदार्थात लहर किती जिरते त्याचं माप) आला पाहिजे. इथे ०.०९३ येतो, काँक्रीटला शोभेल असा. आपल्या चुकीच्या आकड्याने ०.४९ येत होता. तेवढं पाहिलं असतं तर पीएमएलला हात लावावाच लागला नसता.

१० जून

पल्स १.५ ते ३.५ गिगाहर्ट्झचा. रिझोल्यूशन २, म्हणजे एका सेमीत दोन चौकटी, ५ मिमीची एक. भिंतीच्या दोन्ही बाजूंना ३० सेमी हवा, टोकाला १ सेमी पीएमएल.

मीपमधली कंडक्टिव्हिटी सगळ्या वारंवारतांना एकच राहते. त्यामुळे घटीची रेघ जवळपास आडवी यायला हवी, वर फक्त पाव डेसिबलची लाट. (तुलनेचं सूत्रही याच स्थिर कंडक्टिव्हिटीने चालवायचं. आयटीयूच्या सूत्रात ती वारंवारतेबरोबर वाढते, ते तसंच वापरलं तर पट्ट्याच्या दोन्ही टोकांना उगाच फरक दिसतो.)

प्रत्यक्षात लाट आली ७.९ ते ९.६ डेसिबलची. दोन शिखरांमधलं अंतर सुमारे अर्धा गिगाहर्ट्झ. भिंतीच्या स्वतःच्या दोन पृष्ठभागांमुळे पडणारी लाट ४३४ मेगाहर्ट्झच्या अंतराने यायला हवी. दोन आकडे इतके जवळ की ही भिंतीचीच लाट, फक्त ग्रिड जाड असल्याने सरकली आणि फुगली, असं धरून चाललो. रिझोल्यूशन ४ केलं, मग ८ केलं. लाट तेवढीच राहिली. इथेच थांबून विचार करायला हवा होता, पण १६ सुद्धा चालवून पाहिलं. सपाट भिंतीचं हे गणित मिनिटांत संपतं, म्हणून मोह झाला.

११ जून

चौकट बारीक केल्याने जी चूक हलत नाही ती चौकटीची नसते. मग हवेची जागा ३० वरून ६० सेमी केली, बाकी कशालाही हात लावला नाही. शिखरांमधलं अंतर ५०० वरून २५० मेगाहर्ट्झवर आलं. भिंत तीच, मग भिंतीची लाट बदलायचं कारण नाही. प्रकाशवेग भागिले हवेच्या लांबीची दुप्पट: ३० सेमीला ५०० मेगाहर्ट्झ, ६० सेमीला २५०. म्हणजे लहर भिंत आणि पीएमएल यांच्यामध्ये ये-जा करत होती.

बेरँजे यांनी १९९४ साली मांडलेला हा शोषक थर परावर्तन अजिबात करत नाही, पण ते सलग समीकरणात. चौकटींमध्ये बसवला की प्रत्येक चौकटीला शोषण एक पायरी चढतं आणि प्रत्येक पायरीवरून थोडी लहर मागे फिरते. १ सेमीच्या थरात ५ मिमीच्या दोनच चौकटी मावतात, म्हणजे शून्यापासून पूर्ण शोषणापर्यंत दोनच पायऱ्या. त्यात मीप अपेक्षित परावर्तन दहाचा उणे पंधरावा घात धरून शोषण ठरवतो. एवढ्या पातळ थरात तेवढं शोषण कोंबल्यावर तो थर भिंतीसारखाच वागतो.

पीएमएल १० सेमी केला. पट्ट्यातली सगळ्यात लांब तरंगलांबी १.५ गिगाहर्ट्झला २० सेमी, तिच्या निम्मा. आणि उत्तर आणखी बिघडलं.

कारण साधं होतं. मीपमध्ये पीएमएल डब्याच्या आत मोजला जातो, बाहेर जोडला जात नाही. थर १ चा १० सेमी केला पण डब्याची एकूण लांबी तीच ठेवली, त्यामुळे लहर सोडणारा सोर्स आणि फ्लक्स (वाहणारी ऊर्जा) मोजणारी दोन्ही प्रतलं शोषक थराच्या पोटात गेली. तिथला फ्लक्स अर्थहीन असतो. आता लांबी अशी: १० पीएमएल, ३० हवा, १५ भिंत, ३० हवा, १० पीएमएल, एकूण ९५ सेमी. सोर्स आणि प्रतलांच्या जागा ठरावीक आकड्यांत लिहिल्या होत्या, त्या आता पीएमएलच्या आतल्या कडेपासून मोजून काढतो. पुन्हा जाडी बदलली तरी त्या आपोआप सरकतील.

१२ जून

एक छोटी दुरुस्ती, पण तिच्यात दोन तास गेले. पीएमएलला दिशा सांगितली नाही तर तो चारही बाजूंना लागतो. आपल्याला वाय दिशेत आवर्ती सीमा (एका कडेने बाहेर गेलेली लहर समोरच्या कडेने आत येते अशी) हवी आहे, कारण भिंत लांबच लांब आहे. वायच्या कडांवरचा पीएमएल सपाट लहरीची टोकं खात होता आणि लहर भिंतीपाशी पोचेपर्यंत सपाट राहत नव्हती. पीएमएल फक्त एक्स दिशेला दिला, घट ८.६४ डेसिबल आली. लाट पाव डेसिबलची. रिझोल्यूशन पुन्हा २ वर.

१४ जून

८.६४ आणि ८.७७. तेरा शतांशांचा फरक, कोणीही म्हणेल झालं काम. पण एका वारंवारतेचा आकडा जुळला म्हणून पुढे जाऊ नये. पूर्ण रेघ सूत्राच्या रेघेवर ठेवली तर लाटेची शिखरं डावीकडे सरकलेली दिसतात: २.४५ पाशी सुमारे ३५ मेगाहर्ट्झ, ३.५ पाशी १०० च्या आसपास. डावीकडे सरकणं म्हणजे भिंत आहे त्यापेक्षा जाड भासते. ग्रिडवर लहर खऱ्यापेक्षा हळू चालते त्याचा हा परिणाम, आणि ही चूक खरोखर चौकटीची.

अंदाज कागदावर काढता येतो. एका तरंगलांबीत किती चौकटी बसतात त्या आकड्याचा वर्ग घ्यायचा, १.६४५ ला त्याने भागायचं. पायरीचा कालावधी धरून येणारी किरकोळ वजावट सोडली तर तेवढीच वेगातली चूक. ५ मिमीच्या चौकटीला काँक्रीटमध्ये २.४५ ला १०.६ चौकटी बसतात, चूक १.४ टक्के. ३.५ ला ७.४ चौकटी, २.८ टक्के. तरंगलांबी हवेतली मोजायची नाही, सगळ्यात दाट पदार्थातली मोजायची. हवेत त्याच चौकटीने २४ बसतात, म्हणून ग्रिड पुरेसं वाटत होतं.

रिझोल्यूशन ४ ला चूक पाव होते, ८ ला सोळावा भाग. ८ वर २.४५ पाशी शिखर २ मेगाहर्ट्झच्या आत बसलं. द्विमितीत रिझोल्यूशन दुप्पट केलं की वेळ आठपट, कारण चौकटी चौपट आणि वेळेच्या पायऱ्या दुप्पट. त्रिमितीत सोळापट. म्हणून ८ वरच थांबायचं ठरवलं.

ही चूक सगळ्या दिशांना सारखी नसते. अक्षाच्या दिशेने जाणाऱ्या लहरीला ती सगळ्यात जास्त. ४५ अंशांत जाणारीला, मीपच्या ०.५ या ठरावीक कुरांट आकड्याला (वेळेच्या पायरीचं चौकटीशी प्रमाण), हवेत तिच्या एक तृतीयांश, काँक्रीटमध्ये जवळपास निम्मी. आपली लहर भिंतीवर सरळ आदळते म्हणजे अक्षाच्याच दिशेने जाते. सगळ्यात वाईट बाजू आपल्या वाट्याला आली आहे, हे चाचणीच्या दृष्टीने चांगलंच.

१५ जून

कंडक्टिव्हिटी शून्य करून एक फेरी. जिरणं बंद, तेव्हा परावर्तन आणि पलीकडे गेलेलं यांची बेरीज प्रत्येक वारंवारतेला १ यायला हवी. आली ०.९९८ ते १.००१. मग मुद्दाम पीएमएल परत १ सेमीचा करून पाहिला, तर बेरीज ०.९ ते १.१ मध्ये हेलकावे खाऊ लागली. मुद्दाम रिझोल्यूशन २ केलं आणि पीएमएल १० सेमीचा ठेवला, तर शिखरं सरकली, पण बेरीज १ ला चिकटून राहिली.

ही चाचणी आता प्रत्येक नव्या रचनेच्या आधी चालवतो. बेरीज बिघडली तर सीमा, प्रतलं, किंवा फेरी लवकर थांबली का ते पाहायचं. बेरीज ठीक पण शिखरं जागेवर नाहीत, तर चौकट पाहायची. याच दिवशी एकदा बेरीज १.०४ आली होती. तेव्हा तुलनेसाठीची रिकाम्या डब्याची, म्हणजे भिंतीशिवायची, फेरी जुन्या रिझोल्यूशनची निघाली, फाइलच्या नावात रिझोल्यूशन नव्हतं. आता नावातच रिझोल्यूशन, पीएमएलची जाडी आणि हवेची लांबी असते.

१८ जून

सळया घातल्या: १२ मिमी व्यासाच्या, १५० मिमी अंतराने, भिंतीच्या मधोमध एक थर. विद्युत क्षेत्र सळईला समांतर. पोलाद परिपूर्ण धातू धरलं. या वारंवारतेला त्यात लहर काही मायक्रोमीटरच शिरते.

काँक्रीटच्या कडेला मीप चौकटीच्या आत सरासरी काढून कड गुळगुळीत करतो. परिपूर्ण धातूला तसं होत नाही. जो बिंदू सळईच्या आत, तो धातू. जो बाहेर, तो काँक्रीट. ५ मिमीच्या ग्रिडवर १२ मिमीची सळई कशी दिसते ते कागदावर काढून पाहिलं. तिचा मध्य बरोबर ग्रिडच्या बिंदूवर असेल तर आत ५ बिंदू येतात, अधिकच्या चिन्हासारखे. मध्य एका दिशेने अडीच मिमी सरकवला की ६ बिंदू येतात, दोन बाय तीनचा आयत. दोन्ही दिशांनी सरकवला की ४ बिंदू, चौकोन. गोल सळई कुठेच नाही. सळई हलवलेली नसताना नुसतं ग्रिड सरकलं म्हणून घटीत ०.३ डेसिबलचा फरक पडला. ओल्या आणि कोरड्या भिंतीतले बारीक फरक शोधायचे तर हे चालणार नाही.

रिझोल्यूशन ८ ला, म्हणजे १.२५ मिमीच्या चौकटीला, तीच सळई मध्य बिंदूवर असताना ६९ बिंदू घेते आणि अर्धी चौकट सरकवली की ७४. त्रिज्येत साडेतीन टक्क्यांचा फरक, घटीत ०.०५ च्या आत. सळईची जागा यापुढे सगळ्या फेऱ्यांत बिंदूवरच ठेवायची असं ठरवलं, म्हणजे निदान तुलना करताना तीच सळई राहील.

जाता जाता: १२५ मिमी अंतराच्या सळया रिझोल्यूशन ५ ला चालवू नयेत. ६२.५ चौकटी होतात, मीप पूर्ण आकड्याला नेतो आणि सळयांमधलं अंतर नकळत बदलतं. अंतर गुणिले रिझोल्यूशन पूर्णांक येतंय का, एवढं पाहावं.

१९ ते २३ जून

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. सळया घातल्यापासून २.० गिगाहर्ट्झच्या आसपास रेघेत दातेरी खड्डे दिसू लागले. कंडक्टिव्हिटी शून्य केली तर बेरीजही फक्त तिथेच बिघडते, बाकी पट्ट्यात १. रिझोल्यूशन वाढवून खड्डे हलले नाहीत. हवेची जागा वाढवली तर दात सरकले, पण खड्ड्याचा मध्य २.० वरच राहिला. म्हणजे दोन गोष्टी एकात मिसळल्या होत्या, एक खरी आणि एक सीमेची.

खरी अशी: सळयांची रांग म्हणजे जाळीदार पडदा, तो लहर ठरावीक कोनांत फेकतो. सळयांमधलं अंतर १५० मिमी, आणि हवेतली तरंगलांबी बरोबर १५० मिमी होते ती २.० गिगाहर्ट्झला. त्याच्या वर पहिली तिरपी लहर हवेत निघते. २.४५ ला ती ५४.७ अंशांत जाते. २.०५ ला ७७ अंशांत. २.०१ ला ८४ अंशांत, म्हणजे भिंतीला जवळपास घासत. २.० च्या खाली ती निघतच नाही, भिंतीला चिकटून विरते.

सीमेची अशी: पीएमएल फक्त त्याच्याकडे सरळ येणारं नीट खातो. तिरप्या लहरीला त्याचा घात कोनाच्या कोसाइनने कमी होतो. कागदावर दहाचा उणे पंधरावा घात असलेलं परावर्तन २.०५ ला उणे ३.३ वर येतं आणि २.०१ ला उणे १.६ वर, म्हणजे अडीच टक्के. २.० च्या किंचित खालीही सुटका नाही. १.९५ ला विरणारी लहर ११ सेमीत एक तृतीयांशाला थोडी जास्त उरते, पण १.९९ ला तेवढी कमी व्हायला २६ सेमी लागतात. आपली हवा ३० सेमीची. शेपूट पीएमएलमध्ये शिरत होतं.

या पाच दिवसांत काय काय करून पाहिलं: पीएमएल २० सेमी केला, दात बारीक झाले, गेले नाहीत. हवा ६० सेमी केली, १.९५ पर्यंत साफ झालं, त्यापुढे नाही. थांबण्याची अट क्षेत्र हजाराव्या भागावर येण्याची होती ती दहा लाखाव्या भागावर नेली. त्याने दातांचा एक भाग खरोखरच गेला, कारण घासत जाणारी लहर डब्यातून बाहेर पडायला फार वेळ लावते आणि फेरी मध्येच तोडली की तुटलेल्या टोकाची लाट सगळ्या रेघेवर पसरते. पण फेरी पाचपट लांबली.

शेवटी प्रश्नाकडे परत गेलो. वाय-फायचा पट्टा २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ. २.० ची आपल्याला गरजच नाही. पल्स रुंद ठेवला होता तो फक्त एका फेरीत सगळी रेघ मिळावी म्हणून. रुंदी २ गिगाहर्ट्झवरून ०.४ वर आणली, मध्य २.४५. घासणारी लहर जवळपास निर्माणच होत नाही. अरुंद पल्स वेळेत लांब असतो, सोर्स १५० एककांऐवजी ७५० एकक चालतो, तरी एकूण फेरी आधीपेक्षा निम्म्या वेळात संपते. २.४५ ला बेरीज १.०००. कंडक्टिव्हिटी परत घातल्यावर घट ९.९ डेसिबल.

ज्यांना १०० मिमी अंतराच्या सळया घ्यायच्या आहेत त्यांच्यासाठी हीच जागा ३.० गिगाहर्ट्झला येईल, आणि २.४५ ला तिरपी लहर हवेत निघणारच नाही. १२५ मिमीला मात्र ती बरोबर २.४ वर येते, थेट वाय-फायच्या पट्ट्याच्या तोंडाशी. तिथे पल्स अरुंद करून सुटका नाही. जाड पीएमएल, लांब हवा आणि लांब फेरी याला पर्याय दिसत नाही.

२७ जून

त्रिमिती. आडव्या आणि उभ्या, दोन्ही सळया. डबा ७६० बाय १२० बाय १२० चौकटींचा, एक कोटी नऊ लाख. आपल्या यंत्रावर जमेना, म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर टाकलं. सरळ चालवलं तर साडेसहा तास, म्हणून आरशाची सममिती लावली, वाय आणि झेड दोन्हीकडे, काम पावभर. पहिल्या फेरीत फ्लक्स शून्याजवळ आला. क्षेत्र झेड दिशेत आहे आणि आरसाही झेडला आडवा. अशा आरशात ते क्षेत्र उलटं दिसतं, म्हणून फेज उणे १ द्यायची. अधिक १ दिली तर दोन अर्धे एकमेकांना खाऊन टाकतात. वायच्या आरशाला अधिक १ बरोबर. ही चूक रिझोल्यूशन २ वर मिनिटभरात दिसली असती. ८ वर दीड तास आणि ३८० रुपये गेले.

दुरुस्त फेरी: १ तास ४० मिनिटं, घट १०.३ डेसिबल.

३ जुलै

ओल. बाहेरच्या बाजूने ३० मिमी थर ओला, पृष्ठभागाला परमिटिव्हिटी ९ धरून आत ५.३१ पर्यंत उतरती. उतार एका फंक्शनने दिला तर मीप चौकटीच्या आतली सरासरी काढत नाही. ती चालू करता येते, पण रचना उभी करायलाच फार वेळ लागतो. सरासरीशिवाय हवेकडची कड अर्ध्या चौकटीने इकडे-तिकडे होते आणि जाडीची चूक परत येते. फंक्शन काढून ५ मिमीचे सहा थर ठेवले, प्रत्येक थर स्वतंत्र ब्लॉक, प्रत्येकाची डी-कंडक्टिव्हिटी त्याच्या स्वतःच्या परमिटिव्हिटीने भागून. ९ च्या थरात तरंगलांबी ४०.८ मिमी, १.२५ च्या चौकटीला ३२ बसतात, वेगातली चूक ०.१६ टक्के. चालेल.

कंडक्टिव्हिटी शून्य करून द्विमितीत बेरीज पाहिली: ०.९९९. आता सहा थरांऐवजी बारा थरांची फेरी चालू आहे. दोन्हींत ०.०५ डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला नाही तर सहा थर घेऊन रात्री त्रिमिती लावायची.